विश्लेषण : ऑटोमॅटिक घड्याळाला ‘वाइंडर’ हवाच का? रोज शेकडो घड्याळांना चावी देणाऱ्या विल्सडॉर्फ यांच्या आयुष्यात सापडणारे उत्तर

गोंदिया असो, तिरोडा असो की देवरी, मोबाइलवरून ऑटोमॅटिक घड्याळ मागवणे आता अवघड राहिलेले नाही. अनेक घरांत वडिलांना लग्नात मिळालेले एचएमटीचे जुने ऑटोमॅटिक कपाटातून बाहेर काढून पुन्हा चालू केले जात आहे. सेल नसलेले, हाताच्या हालचालीवर चालणारे घड्याळ अशी त्याची ओळख. पण घड्याळ घेतले की खरेदीच्या ॲपवर लगेच दुसरी वस्तू समोर येते, ती म्हणजे वाइंडर. मोटारीवर फिरणारी ही छोटी पेटी हातात नसलेले घड्याळही चालू ठेवते. ती घ्यावी का? नाही घेतली तर घड्याळ खराब होते का? की घेतल्यानेच ते लवकर झिजते?

हे समजून घेण्यासाठी ऑटोमॅटिक मनगटी घड्याळ जगभर पोहोचवणाऱ्या हान्स विल्सडॉर्फ यांचे आयुष्य पाहणे उपयोगाचे आहे. ‘रोलेक्स’चे हे संस्थापक स्वतः घड्याळजी नव्हते. त्यांनी ऑटोमॅटिक घड्याळाचा शोधही लावला नाही. मात्र चावी का द्यावी लागते, ती दिल्याने काय बिघडते आणि न दिल्याने काय होते, हे प्रश्न त्यांच्या कामात सुरुवातीपासून होते.

विल्सडॉर्फ कोण होते?

हान्स विल्सडॉर्फ यांचा जन्म २२ मार्च १८८१ रोजी जर्मनीतील बव्हेरिया प्रांतातल्या कुल्मबाख या गावी झाला. वडिलांचा लोखंडी सामानाचा व्यवसाय होता. आई आणि त्यानंतर वडील गेल्याने वयाच्या बाराव्या वर्षी हान्स पोरके झाले. मामा-काकांनी व्यवसाय विकून मुलांच्या शिक्षणाची सोय केली आणि हान्स यांना कोबुर्ग येथील वसतिगृहाच्या शाळेत पाठवले. तिथे त्यांचे गणित आणि भाषा पक्क्या झाल्या. पुढे इंग्रजी चांगली येत असल्यानेच त्यांना घड्याळांच्या धंद्यात प्रवेश मिळाला.

शाळेनंतर जिनिव्हात मोत्यांच्या एका व्यापाऱ्याकडे त्यांनी काही काळ काम केले. १९०० मध्ये ते स्वित्झर्लंडमधील ला शो-द-फों या गावात आले. हे गाव म्हणजे घड्याळांचे माहेरघर. तिथल्या कुनो कोर्टेन या घड्याळे निर्यात करणाऱ्या पेढीत त्यांना इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या कारकुनाची नोकरी मिळाली. पगार महिना ८० फ्रँक.

या नोकरीत आणखी एक काम होते. पेढीतील शेकडो खिशातल्या घड्याळांना रोज चावी द्यायची आणि प्रत्येक घड्याळ किती पुढे-मागे जाते ते तपासायचे. आज वाइंडरची मोटार जे करते, ते विशीतले विल्सडॉर्फ बोटांनी करत होते. कोणते घड्याळ पूर्ण चावी असताना बरोबर चालते, कोणते चावी उतरताना मागे पडते, हे त्यांना रोज डोळ्यांसमोर दिसत होते.

चावी आणि अचूक वेळ यांचा संबंध काय?

यांत्रिक घड्याळाची सगळी ताकद एका गुंडाळलेल्या पोलादी पट्टीत असते. तिला मेनस्प्रिंग म्हणतात. एका छोट्या गोल डबीत ती बसवलेली असते. चावी दिली की पट्टी घट्ट गुंडाळली जाते आणि मग हळूहळू सैल होत चक्रे फिरवते. ही ताकद एकदम सुटू नये म्हणून शेवटी बॅलन्स व्हील असते. ते ठरावीक वेगाने मागे-पुढे हेलकावे घेते. आपण ऐकतो ती टिकटिक तिथून येते.

स्प्रिंग पूर्ण भरलेली असताना हेलकावे मोठे असतात. ती संपत आली की हेलकावे लहान होतात आणि वेळेत फरक पडू लागतो. म्हणूनच जुनी माणसे रोज ठरावीक वेळी, बहुधा सकाळी, घड्याळाला चावी देत. तो शिस्तीचा भाग होता आणि अचूकतेचाही. स्प्रिंग सतत बऱ्यापैकी भरलेली ठेवता आली तर घड्याळ जास्त स्थिर चालते. ऑटोमॅटिक घड्याळाचा मोठा फायदा हाच आहे. माणूस ते हातात घालून वावरत असतो तोवर ते थोडे-थोडे भरत राहते.

लंडनमध्ये त्यांनी कोणती पैज लावली?

१९०३ मध्ये विल्सडॉर्फ लंडनला गेले आणि १९०५ मध्ये आल्फ्रेड डेव्हिस यांच्यासोबत त्यांनी ‘विल्सडॉर्फ अँड डेव्हिस’ ही कंपनी काढली. स्वित्झर्लंडमधील बिएन येथील एग्लर यांच्या कारखान्यातून घड्याळाची यंत्रे मागवायची, ती चांगल्या केसमध्ये बसवायची आणि जवाहिऱ्यांना विकायची, असा हा व्यवसाय होता.

त्या काळी पुरुष खिशात घड्याळ ठेवत. मनगटावरचे घड्याळ हा बायकांचा दागिना मानला जाई. एवढ्या लहान यंत्राला अचूक वेळ ठेवता येणार नाही, मनगटावरचे धक्के आणि धूळ ते सहन करणार नाही, असे जाणकारही म्हणत. विल्सडॉर्फ यांनी मात्र मनगटी घड्याळावरच पैसा लावला. १९०८ मध्ये त्यांनी ‘रोलेक्स’ हे नाव नोंदवले. छोटे, कोणत्याही भाषेत उच्चारता येणारे आणि डायलवर मावणारे नाव त्यांना हवे होते.

लोकांचा विश्वास बसावा म्हणून त्यांनी जाहिरातीआधी परीक्षेचा मार्ग धरला. १९१० मध्ये बिएनच्या तपासणी केंद्राने त्यांच्या मनगटी घड्याळाला अचूकतेचे प्रमाणपत्र दिले. १५ जुलै १९१४ रोजी इंग्लंडमधील क्यू वेधशाळेने रोलेक्सच्या मनगटी घड्याळाला ‘अ’ श्रेणीचे प्रमाणपत्र दिले. ही परीक्षा ४५ दिवस चाले. घड्याळ वेगवेगळ्या स्थितींत आणि वेगवेगळ्या तापमानांत ठेवून तपासले जाई. हे प्रमाणपत्र तोवर प्रामुख्याने जहाजांवरच्या मोठ्या क्रोनोमीटरसाठी असे.

त्यानंतर काही दिवसांतच पहिले महायुद्ध सुरू झाले. खंदकातल्या सैनिकाला खिशातून घड्याळ काढायला सवड नव्हती. मनगटी घड्याळ पुरुषांच्या हातावर आले ते या युद्धात.

मग कंपनी लंडनहून जिनिव्हाला का गेली?

विल्सडॉर्फ यांनी १९११ मध्ये फ्लोरेन्स क्रॉटी या इंग्रज तरुणीशी लग्न केले होते आणि ब्रिटिश नागरिकत्वही घेतले होते. पण जर्मनीशी युद्ध सुरू असताना लंडनमध्ये जर्मन आडनाव घेऊन धंदा करणे सोपे नव्हते. १९१५ मध्ये कंपनीच्या नावातून विल्सडॉर्फ आणि डेव्हिस ही नावे गेली आणि रोलेक्स आले. त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने आयात घड्याळांवर ३३.३ टक्के कर लावला. यंत्रे स्वित्झर्लंडहून आणणाऱ्या कंपनीला तो परवडणारा नव्हता. अखेर १९१९ च्या सुमारास त्यांनी मुक्काम जिनिव्हाला हलवला आणि पुढचे सगळे आयुष्य तिथेच काढले.

‘ऑयस्टर’मुळे कोणती नवी अडचण उभी राहिली?

मनगटी घड्याळाचे दोन शत्रू होते, पाणी आणि धूळ. गोंदियासारख्या जिल्ह्यात हे वेगळे सांगायला नको. पावसाळ्यातली दमट हवा, उन्हाळ्यातला घाम आणि भातगिरणीच्या परिसरात उडणारा बारीक कोंडा, हे सगळे घड्याळात शिरायला वाट शोधत असते. सर्वांत सोपी वाट चावीच्या बोंडाजवळची. कारण तिथे केसला भोक असते आणि त्यातून दांडी आत जाते.

पॉल पेरेगो आणि जॉर्ज पेरे या दोघा स्विस कारागिरांनी त्यावर उपाय काढला होता. बोंडाला आटे पाडायचे आणि बाटलीच्या झाकणासारखे ते केसवर आवळून बसवायचे. विल्सडॉर्फ यांनी त्यांचे पेटंट विकत घेतले. पुढचे आणि मागचे झाकणही आट्यांनी बसवले आणि १९२६ मध्ये ‘ऑयस्टर’ म्हणजे शिंपला या नावाने पाणी न शिरणारे घड्याळ बाजारात आणले.

७ ऑक्टोबर १९२७ रोजी मर्सिडीज ग्लाइट्झ या ब्रिटिश तरुणीने इंग्लिश खाडी पोहून पार केली. त्यानंतर लगेच दुसऱ्या एका जलतरणपटूने खोटा दावा केल्याने सगळ्याच दाव्यांवर संशय घेतला जाऊ लागला. ग्लाइट्झ यांनी २१ ऑक्टोबरला पुन्हा खाडीत उतरायचे ठरवले. विल्सडॉर्फ यांनी त्यांना ऑयस्टर घड्याळ दिले आणि ते त्यांनी गळ्यात अडकवले. पाणी इतके थंड होते की दहा तासांहून अधिक काळ पोहल्यावर त्यांना बाहेर काढावे लागले. खाडी पार झाली नाही, पण घड्याळ चालू राहिले. २४ नोव्हेंबर १९२७ रोजी लंडनच्या ‘डेली मेल’च्या पहिल्या पानावर विल्सडॉर्फ यांनी ऑयस्टरची पानभर जाहिरात दिली.

अडचण मात्र शिल्लक होती. पाणी अडवणारे बोंड रोज एकदा उघडावेच लागे, कारण घड्याळाला चावी द्यायची असे. चावी देऊन माणूस बोंड आवळायला विसरला की शिंपला उघडाच राही. रोज उघडझाप केल्याने आटे आणि आतले सीलही झिजत. म्हणजे चावी देण्याची सवयच घड्याळाच्या मुळावर येत होती.

ऑटोमॅटिकचा शोध कोणाचा?

स्वतःच भरणारे घड्याळ विल्सडॉर्फ यांच्या कितीतरी आधी बनले होते. स्वित्झर्लंडमधील ल लोक्ल येथील अब्राहम-लुई पेर्ले यांनी १७७० च्या दशकात असे खिशातले घड्याळ बनवले. १७७७ मधील जिनिव्हाच्या एका अहवालानुसार १५ मिनिटे चालले की ते आठ दिवस चाले. त्याच सुमारास बेल्जियममधील लिएज येथील ह्युबेर सार्तों यांनी गोल फिरणाऱ्या वजनाची रचना मांडली. पहिला मान कोणाचा, यावर आजही वाद आहे. पण खिशातले घड्याळ सरळ उभे राहते, फारसे हलत नाही. त्यामुळे ही कल्पना मागे पडली.

मनगट मात्र दिवसभर हलते. हे ओळखून इंग्लंडमधील जॉन हारवूड यांनी १९२० च्या दशकात ऑटोमॅटिक मनगटी घड्याळ बनवले आणि १९२४ मध्ये त्याचे स्विस पेटंट मिळवले. त्यात अर्धवर्तुळाकार वजन मागे-पुढे झुलत असे आणि दोन्ही टोकांना स्प्रिंगवर आपटत असे. चावीचे बोंडच त्यांनी काढून टाकले होते. काटे लावायला काचेभोवतीची कड फिरवावी लागे. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत त्यांची कंपनी बुडाली.

१९३१ मध्ये रोलेक्सने एमिल बोरर यांच्या तांत्रिक कामातून पूर्ण ३६० अंशांत, न आपटता फिरणारे वजन आणले. त्याला रोटर म्हणतात. या घड्याळाचे नाव ‘ऑयस्टर पर्पेच्युअल’. पर्पेच्युअल म्हणजे अखंड चालणारे. आता बोंड रोज उघडायची गरज उरली नाही आणि शिंपला बंदच राहू लागला. मनगटी घड्याळाचा अचूकपणा, पाण्यापासून बचाव आणि स्वतःच भरणे या तिन्ही गोष्टी एका केसमध्ये आल्या.

हारवूड यांच्या वाट्याला मात्र श्रेय बराच काळ आले नाही. रोलेक्सच्या जाहिरातींतून ऑटोमॅटिक मनगटी घड्याळाचा शोध कंपनीनेच लावला, असा समज होत असे. १९५६ मध्ये लंडनच्या ‘संडे एक्स्प्रेस’मध्ये रोलेक्सने जाहिरात देऊन चूक मान्य केली आणि हारवूड यांचे श्रेय त्यांना दिले. तेव्हा विल्सडॉर्फ हयात होते.

दुसऱ्या महायुद्धात काय घडले?

जर्मन छावण्यांत कैद असलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांची घड्याळे अनेकदा काढून घेतली जात. विल्सडॉर्फ यांनी त्यांना पत्राने घड्याळ मागवण्याची मुभा दिली. पैसे युद्ध संपल्यावर द्यायचे. जिनिव्हाहून रेडक्रॉसमार्फत घड्याळे छावण्यांत जात. हातात काही नसलेल्या कैद्याला उधारीवर महागडे घड्याळ देणे, म्हणजे तो जिवंत सुटेल आणि घरी परतेल यावर विश्वास ठेवणे होते.

या चित्राला दुसरी बाजूही आहे. त्याच काळातल्या ब्रिटिश गुप्तचर कागदपत्रांत विल्सडॉर्फ यांच्यावर नाझींबद्दल सहानुभूती असल्याचा संशय नोंदवलेला आहे. त्यांच्या कंपनीला काळ्या यादीत मात्र टाकले गेले नाही. जर्मनीत जन्मलेल्या, ब्रिटिश नागरिक असलेल्या आणि स्वित्झर्लंडमध्ये राहणाऱ्या या माणसाकडे दोन्ही महायुद्धांत संशयाने पाहिले गेले.

मूलबाळ नसलेल्या विल्सडॉर्फ यांनी कंपनी कोणाला दिली?

१९४४ मध्ये पत्नी फ्लोरेन्स यांचे निधन झाले. या दांपत्याला मूल नव्हते. पुढच्या वर्षी त्यांनी हान्स विल्सडॉर्फ फाउंडेशन स्थापन केले आणि आपला कंपनीतला हिस्सा या न्यासाकडे सोपवण्याची व्यवस्था केली. आजही रोलेक्स कोणा कुटुंबाच्या किंवा शेअर बाजाराच्या नव्हे, तर या न्यासाच्या मालकीची आहे आणि न्यासाकडून जिनिव्हात समाजकार्यासाठी पैसा दिला जातो.

१९४५ मध्येच कंपनीच्या चाळीस वर्षांनिमित्त ‘डेटजस्ट’ हे मॉडेल आले. डायलवरच्या छोट्या खिडकीत आपोआप बदलणारी तारीख, ही त्याची ओळख. १९४६ मध्ये कमी किमतीच्या घड्याळांसाठी त्यांनी ‘ट्यूडर’ ही वेगळी कंपनी उभी केली. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतही ऑयस्टर पर्पेच्युअल घड्याळे नेली गेली होती.

भारताशीही या घड्याळांचे नाते आहे. २६ जानेवारी १९५० या दिवसाची आठवण म्हणून बनवलेले, डायलवर भारताचा नकाशा असलेले सोन्याचे रोलेक्स ऑटोमॅटिक पहिले राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्याकडे होते. २०११ मध्ये ते जिनिव्हातील लिलावासाठी पुढे आले, तेव्हा भारतातून आक्षेप घेतले गेले होते. सर्वसामान्य भारतीयांच्या मनगटावर मात्र एचएमटी होते. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूरुत सुरू झालेल्या या सरकारी कारखान्याची चावीची ‘जनता’ आणि ऑटोमॅटिक ‘कांचन’ ही मॉडेल्स लोकांनी लग्नात, निवृत्तीला, नोकरी लागल्यावर घेतली. एचएमटी वॉचेस बंद करण्याला केंद्र सरकारने २०१६ मध्ये मान्यता दिली. कपाटात पडलेली ती जुनी ऑटोमॅटिक आज अनेकांसाठी पैशांपेक्षा आठवण म्हणून मोलाची आहेत.

६ जुलै १९६० रोजी जिनिव्हात विल्सडॉर्फ यांचे निधन झाले. २०१२ मध्ये तिथे त्यांच्या नावाचा पूलही उभा राहिला.

मग वाइंडर हवा की नको?

विल्सडॉर्फ यांच्या ‘अखंड चालणाऱ्या’ घड्याळाचे इंजिन मोटार नव्हते, ते घालणारा माणूस होता. घड्याळ हातात असेपर्यंत चालावे, हा उद्देश होता. कपाटातही ते चालत राहिलेच पाहिजे, अशी यंत्राची गरज नाही. हातातून काढल्यावर साधारण ऑटोमॅटिक घड्याळ ४० तासांच्या आसपास चालते. काही नवी मॉडेल्स ७० ते ८० तास चालतात. त्यानंतर ते थांबते. थांबणे म्हणजे बिघाड नव्हे.

घड्याळ थांबले की आतले तेल सुकते, असे पूर्वी म्हणत. जुन्या, प्राणिज चरबीपासून बनलेल्या तेलांच्या काळात त्यात तथ्य होते. आजची कृत्रिम तेले काही दिवस किंवा आठवडे घड्याळ बंद राहिल्याने सुकत नाहीत. ती वर्षानुवर्षांच्या हिशेबाने जुनी होतात, घड्याळ चालू असो वा बंद. त्यामुळे वाइंडरने सर्व्हिसिंग टळत नाही.

उलट बाजूचे गणित पाहा. आजच्या अनेक यंत्रांचा वेग तासाला २८,८०० ठोके असतो. समजा एखाद्याने रविवारी सकाळी घड्याळ घातले आणि १४ तासांनी काढले. पुढे ते ४० तास चालेल, म्हणजे आठवड्यात एकूण ५४ तास आणि सुमारे १५.५ लाख ठोके. तेच घड्याळ उरलेला आठवडा वाइंडरवर ठेवले तर १६८ तास चालेल आणि सुमारे ४८.४ लाख ठोके देईल. काम तिपटीहून जास्त, उपयोग तेवढाच. यंत्र चांगले असेल तर हा भार ते सहज सोसते, पण फिरणारी वस्तू फिरल्याने झिजते, हा नियम घड्याळालाही आहे.

वाइंडरमुळे स्प्रिंग जास्त ताणून तुटेल, ही भीती मात्र खरी नाही. ऑटोमॅटिक घड्याळात स्प्रिंगचे बाहेरचे टोक डबीच्या भिंतीला पक्के जोडलेले नसते. पूर्ण भरल्यावर ते भिंतीवरून घसरते. फरक एवढाच की वाइंडर गरजेपेक्षा जास्त फिरत राहिला तर ही घसरण सतत होत राहते.

कोणाला त्याचा खरा उपयोग आहे?

ज्यांच्या घड्याळात तारीख, वार, महिना, लीप वर्ष आणि चंद्रकला असे सगळे आहे, त्यांना थांबलेले घड्याळ पुन्हा लावणे वेळखाऊ असते. चुकीच्या वेळी बटण दाबले तर दुरुस्तीही महाग पडते. अशांना वाइंडर सोयीचा ठरतो. तीन-चार ऑटोमॅटिक आलटून-पालटून वापरणाऱ्यांना सकाळची दोन मिनिटे वाचवायची असतील, तर तेही घेऊ शकतात. हाताला कंप असलेल्या किंवा बोटे दुखणाऱ्या ज्येष्ठांनाही बारीक बोंड फिरवण्यापासून सुटका मिळते.

आट्यांचे बोंड वारंवार उघडल्याने झिजते, हा विल्सडॉर्फ यांचा मुद्दा आजही खरा आहे. पण त्यांची अडचण रोजच्या उघडझापीची होती. आठवड्यातून एकदा बोंड हळूच उघडून, चावी देऊन, नीट आवळून बसवल्याने चांगल्या घड्याळाला धोका नसतो.

एकच ऑटोमॅटिक असेल आणि ते रोज वापरात असेल, तर वाइंडरची काहीच गरज नाही. रात्री काढून ठेवले तरी सकाळपर्यंत ते आरामात चालते.

घ्यायचाच असेल तर काय पाहावे?

* दिवसाचे फेरे : बहुतेक घड्याळांना दिवसाला ६५० ते ८०० फेरे पुरतात. फेरे बदलता येणारा आणि मध्ये थांबणारा वाइंडर घ्यावा. अखंड फिरणारा स्वस्त वाइंडर टाळावा.
* दिशा : काही यंत्रे दोन्ही दिशांच्या फिरण्याने भरतात, काही एकाच दिशेने. सेइकोची बहुतेक ऑटोमॅटिक पहिल्या प्रकारची, तर अनेक क्रोनोग्राफमध्ये असणारे ७७५० हे यंत्र दुसऱ्या. आपले यंत्र कोणते, हे माहितीपत्रकातून पाहून दिशा ठरवावी.
* मोटार : हलक्या दर्जाच्या मोटारीचे चुंबकत्व घड्याळाला बाधू शकते. अचानक घड्याळ दिवसाला काही मिनिटे पुढे जाऊ लागले तर चुंबकत्वाची शक्यता असते. दुरुस्ती करणारा ते काही सेकंदांत काढू शकतो.
* वीज : पावसाळ्यात वीज ये-जा करत असेल तर ॲडॉप्टरसोबत सेलवरही चालणारा वाइंडर बरा.

वाइंडर नसेल तर घड्याळ कसे सांभाळावे?

थांबलेले घड्याळ हातात घालून नुसते हलवत बसू नये. आधी बोंडाने २० ते ३० फेरे चावी द्यावी. सेइकोच्या ७एस२६ सारख्या काही जुन्या यंत्रांना हाताने चावी देता येत नाही. ती आडवी धरून हळुवार गोल फिरवावीत.

तारीख बदलताना काळजी घ्यावी. रात्री ९ ते पहाटे ३ या वेळेत तारीख बदलणारी चक्रे एकमेकांत अडकलेली असतात. तेव्हा झटपट तारीख बदलली तर दाते तुटू शकतात. आधी काटे फिरवून सहाच्या आसपास आणावेत, मग आदल्या दिवसाची तारीख लावावी आणि काटे पुढे नेत आजची तारीख आणून वेळ लावावी. म्हणजे सकाळ-संध्याकाळचा गोंधळही होत नाही.

उन्हाळ्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर घड्याळ ठेवू नये. पावसाळ्यात काचेच्या आत वाफ दिसली तर थांबू नये, लगेच उघडून घ्यावे, कारण गंज चढायला वेळ लागत नाही. जुन्या घड्याळाचे सील बदललेले नसेल, तर झाकणावर काहीही लिहिलेले असले तरी ते पाण्यापासून जपावे. वर्षानुवर्षे बंद असलेले एचएमटी थेट चालू करण्याआधी किंवा वाइंडरवर चढवण्याआधी सर्व्हिसिंग करून घ्यावे. सुकलेल्या तेलावर फिरवले तर आतले बारीक भाग झिजतात आणि जुने सुटे भाग सहज मिळत नाहीत.

वाइंडरसाठी काही हजार रुपये बाजूला काढले असतील, तर बहुतेकांनी ते आधी सर्व्हिसिंगवर खर्च करणे फायद्याचे आहे. पाच ते सात वर्षांत एकदा यंत्र उघडून साफ करणे, नवे तेल घालणे आणि सील बदलणे, यामुळे ऑटोमॅटिक घड्याळ पुढच्या पिढीच्या मनगटापर्यंत पोहोचते.